गणित-विज्ञान एकात्मिक प्रशिक्षण : स्वरूप, व्याप्ती आणि चहा

गणित आणि विज्ञान हे विषय सुटेसुटे न शिकवता एकमेकांत गुंफून शिकवावेत, हे शिक्षकांना पटवण्यासाठी त्यांना काही दिवस वर्गाबाहेर काढण्याची जी शासकीय व्यवस्था आहे, तिला एकात्मिक अध्यापनाचे सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणतात. या प्रशिक्षणाचा उगम पत्रात होतो. पत्राच्या डोक्यावर 'संदर्भ' म्हणून आधीच्या चार पत्रांचे जावक क्रमांक असतात आणि तळाशी 'अनुपस्थित राहणाऱ्यांवर प्रशासकीय कारवाई प्रस्तावित करण्यात येईल' हे वाक्य ठळक अक्षरांत असते. मधला मजकूर सहसा कोणी वाचत नाही. पत्र केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री साडेनऊच्या सुमारास पडते आणि प्रशिक्षण बहुधा दुसऱ्याच दिवशी सकाळी असते. पत्राखाली आधी अंगठे उमटतात. मग 'सर, माझे नाव यादीत दोनदा आहे', 'मॅडम, माझी बदली होऊन वर्ष झाले' अशा दुरुस्त्या येतात. जेवणाची सोय आहे का, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. तो विचारण्याचा मान ज्येष्ठ शिक्षकांकडे असतो.

द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक शाळेतून एक या हिशोबाने एक शिक्षक प्रशिक्षणाला जातो. मागे राहिलेला शिक्षक त्या दिवशी पहिली ते चौथीचे सगळे वर्ग एका खोलीत घेतो, एका फळ्यावर सगळे विषय शिकवतो आणि मधल्या सुट्टीत खिचडीची नोंदही करतो. एकात्मिक अध्यापन शिकायला गेलेल्यापेक्षा न गेलेल्याचा सराव अधिक होतो, ही या व्यवस्थेची आनुषंगिक उपलब्धी होय.

ही कल्पना दर आठ-दहा वर्षांनी नव्याने सुचते, तरी तिचे वय बरेच आहे. १९०१ साली ग्लासगोला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात जॉन पेरी या अभियंत्याने शाळेतले गणित युक्लिडच्या तावडीतून सोडवून मोजमापाला आणि प्रयोगाला जोडावे, असा आग्रह धरला. चौकटींचा आलेख कागद शाळाशाळांत रुळला त्यात पेरीच्या चळवळीचा मोठा हात होता. आज प्रत्येक प्रशिक्षणात जो कागद हमखास कमी पडतो तो हाच. पुढच्या वर्षी अमेरिकेत ई. एच. मूर यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून बोलताना गणित आणि भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत बसून एकत्र शिकवावे असे सुचवले. सव्वाशे वर्षे होत आली. प्रशिक्षणाच्या पहिल्या स्लाइडवर आजही 'नावीन्यपूर्ण दृष्टिकोन' असेच लिहिलेले असते.

परदेशी दाखले नको असतील तर वर्धा जवळ आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. एखाद्या हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफायचे, हे तिचे सूत्र. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाने सुताची लांबी मोजायची, वजन करायचे, त्या दोहोंवरून सुताचा अंक काढायचा आणि हवा कोरडी पडली की तार का तुटते याचाही विचार करायचा. याला समवाय म्हणत. समवाय अजून नामशेष झालेला नाही. शिक्षकांच्या पाठ टाचणात तो रकान्याच्या रूपाने टिकून आहे. त्या रकान्यात बहुतेक वेळा 'भूगोल' असे लिहितात, मग पाठ अपूर्णांकांचा असो की पचनसंस्थेचा.

कायद्यानेही एकात्मतेला हातभार लावला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी किमान एक शिक्षक विज्ञान व गणित मिळून, एक सामाजिक शास्त्रांसाठी आणि एक भाषांसाठी असावा, असे म्हटले आहे. म्हणजे उच्च प्राथमिक शाळेत दोन्ही विषय एकाच देहात आधीपासून नांदत असतात. प्रत्यक्षात घंटा झाली की त्या देहात खांदेपालट होतो. तिसऱ्या तासाला गणिताचे सर कोनमापकाने त्रिकोणाचे कोन मोजायला सांगतात. एका मुलाची बेरीज १७९ येते. सर म्हणतात, "नीट मोज, १८० यायला पाहिजे." मूल पुन्हा मोजत नाही. ते एका कोनात एक अंश घालते आणि सरांचे समाधान होते. चौथ्या तासाला तेच सर विज्ञानाचे होऊन उकळत्या पाण्यात तापमापी धरायला लावतात. पारा ९८ वर अडतो. "शंभर लिही," सर म्हणतात. शाळा पुण्याच्या उंचीवर असेल तर पाणी ९८ च्या आसपासच उकळते. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेले की उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. पारा खरे सांगत असतो आणि मूल खरे वाचत असते. तरी वहीत शंभरच जातात. गणित आणि विज्ञान या विषयांची शाळेत जी एकात्मता प्रत्यक्ष आढळते ती एवढीच : मोजून आलेले उत्तर दोन्ही तासांना चूक धरतात.

प्रशिक्षणाने बदलायचे ते नेमके हे. आता ते तिथवर कसे पोचते, ते पाहू.

पोचण्याच्या पद्धतीला उतरंडीची पद्धत म्हणता येईल. पुण्याला राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. जिल्ह्यांत १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून जन्मलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, ज्यांना सगळे डायट म्हणतात. खाली तालुक्याला गटसाधन केंद्र आणि त्याखाली केंद्रप्रमुखांचे केंद्र. राज्यावर शिकलेले तज्ज्ञ जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला, आणि केंद्रावरून शिक्षक आपल्या वर्गात जातो. प्रत्येक पायरीवर ऐंशी टक्के आशय शाबूत उतरतो असे उदारपणे धरले, तरी चौथ्या पायरीला ४१ टक्केच उरतो. घातांकी घटीचे इतके सुबक उदाहरण प्रशिक्षणाच्या हस्तपुस्तिकेत असायला हवे होते. दिवसांचेही तसेच होते. वर पाच दिवस चाललेले खाली येताना तीन, दोन आणि शेवटी एका दुपारचे होते. टाळ्यांचे प्रकार मात्र शंभर टक्के पोचतात. एका बोटाने, मग दोन, मग पाचही बोटांनी वाजवायची पावसाची टाळी पुण्याहून निघून गडचिरोलीपर्यंत एकही थेंब न सांडता गेलेली आहे.

पहिल्या दिवशी प्रतिमापूजन आणि दीपप्रज्वलन होते. वात पेटण्यासाठी पंखा बंद करावा लागतो, आणि मनोगते संपेपर्यंत तो सुरू करायचे कोणाच्या लक्षात येत नाही. मग पूर्वचाचणी. ती प्रत्येकाने आपापली सोडवायची असते आणि बहुतेक जण खरोखरच तशी सोडवतात, कारण पूर्वचाचणीत गुण कमी पडले तरच उत्तरचाचणीत प्रगती दिसते हे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर चार्टवर 'प्रशिक्षणाकडून अपेक्षा' नोंदवायच्या. पहिली अपेक्षा 'काहीतरी नवीन मिळावे' ही असते. मागच्या रांगेतून दुसरी येते, 'वेळेत सोडावे'. सुलभक हसतात आणि ती 'वेळेचे व्यवस्थापन' या नावाने लिहून घेतात.

सैद्धांतिक सत्रात पडद्यावर दोन वर्तुळे येतात. एकात गणित, दुसऱ्यात विज्ञान, आणि मधला सामाईक भाग इतका अरुंद की 'एकात्मिक' हा शब्द त्यात मावत नाही. तो बाहेर लिहून बाणाने आत दाखवलेला असतो. वेळापत्रकातही तसेच. सकाळचे सत्र गणिताच्या तज्ज्ञांचे, दुपारचे विज्ञानाच्या तज्ज्ञांचे. दोघांची भेट झालीच तर जेवणाच्या रांगेत होते. गणिताचे तज्ज्ञ जेवून लगेच निघतात, कारण त्यांना दुसऱ्या तालुक्यात हेच सत्र घ्यायचे असते.

यापुढे गटकार्य, आणि प्रशिक्षणातला पाहण्यासारखा भाग हाच आहे. गटांना आर्यभट्ट, भास्कराचार्य, रामानुजन, रामन अशी नावे पडतात आणि एक गट कल्पना चावलांचा असतोच. गटातले श्रमविभाजन न सांगता होते. ज्याचे अक्षर चांगले तो चार्ट लिहितो, सर्वांत तरुण शिक्षणसेवक प्रत्यक्ष कृती करतो, ज्येष्ठ लक्ष ठेवतात आणि एक जण फोटो काढतो. विषय लंबकाचा. साहित्य म्हणजे दोरा, लोखंडी नट, मीटरपट्टी आणि मोबाइलमधले घड्याळ. दोरा एक मीटर घ्यायचा, दहा दोलने मोजायची, वेळ नोंदवायचा. मीटरभर लांबीच्या लंबकाचे एक दोलन दोन सेकंदांहून किंचित जास्त घेते, तेव्हा दहांना सुमारे २०.१ सेकंद लागायला हवेत. रामन गटाचे येतात २०.३. आर्यभट्ट गटाचे १९.९. भास्कराचार्य गटाचे १८.१.

इथे दोन रस्ते फुटतात. रुळलेला रस्ता असा की सुलभक विचारतात, "पुस्तकात किती दिलंय?" कोणीतरी "वीस" म्हणते आणि पुढच्या मिनिटाला सगळ्या गटांचे लंबक एकमताने वीस सेकंद घेऊ लागतात. भास्कराचार्य गट १८.१ वर रेघ मारून वर २० लिहितो, तेही इतक्या सफाईने की चौथ्या तासाच्या त्या मुलाने पाहून शिकावे.

दुसरा रस्ता क्वचित घेतला जातो. त्यासाठी गटात एखाद्या हट्टी बाई लागतात. "आमचा दोरा बरोबर आहे. पुन्हा मोजा," असे त्या म्हणतात. पुन्हा १८.१. मीटरपट्टी लावली जाते. लांबी गाठीपर्यंत धरायची की नटाच्या मध्यापर्यंत यावर वाद होतो. हा वाद चांगला असतो, पण दोन सेकंदांचा खुलासा त्यात नसतो, कारण एवढा फरक पडायला दोरा मीटरपेक्षा वीसेक सेंटिमीटरने आखूड असावा लागेल. मग शेजारच्या गटातले कोणीतरी येऊन उभे राहते आणि म्हणते, "तुम्ही मोठ्याने मोजा बरं." नट सोडताना शिक्षणसेवक म्हणतो, "एक!" सगळे थांबतात. सोडताना एक म्हटले तर दहा म्हणेपर्यंत दोलने नऊच होतात. १८.१ ला नऊने भागले की २.०१. लंबक बरोबर होता, घड्याळ बरोबर होते, चुकले होते ते मोजणे. त्या गटातले निम्मे शिक्षक पाचवीच्या शिष्यवृत्तीचा वर्ग घेतात आणि एका रांगेतल्या दहा झाडांमध्ये अंतरे किती, हा प्रश्न दरवर्षी मुलांकडून घोटून घेतात. नऊ अंतरे. कागदावर त्यांना ते झोपेत येते. दोऱ्याला लटकलेले ते ओळखू येईना. मोजणी शून्यापासून करायची की एकापासून, हा प्रश्न गणिताचा की विज्ञानाचा, असे त्या वेळी कोणीही विचारत नाही. दोन वर्तुळांची स्लाइड जे साधू शकली नाही ते या दहा मिनिटांत होते. सुलभकांच्या वेळापत्रकात या दहा मिनिटांना जागा नसते.

पुढे आलेख येतो. लांबी २५, ५०, ७५, १०० सेंटिमीटर, आणि एका दोलनाचा वेळ अनुक्रमे १, १.४, १.७, २ सेकंद. गणिताचे शिक्षक चारही बिंदू पट्टीने जोडतात, कारण सांख्यिकीत रेषालेख असाच काढतात. विज्ञानाचे शिक्षक हाताने सलग वक्र काढतात, कारण बोर्डाच्या पेपरात तसा लागतो. दोन्ही पक्षांना आपापल्या पद्धतीचे कारण विचारले तर दोघेही 'असंच असतं' म्हणतात. वेळेचा वर्ग करून पाहिला तर १, १.९६, २.८९, ४ असे आकडे मिळतात आणि बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येऊन बसतात. मधले दोन किंचित खाली का राहिले? वेळ एकाच दशांशापर्यंत घेतला म्हणून. १.४ ऐवजी १.४२ आणि १.७ ऐवजी १.७४ घेतले की तेही रेषेवर चढतात. यातून कोणते निष्कर्ष निघतात, असे सुलभक विचारतात आणि त्याच क्षणी चहा येतो. मराठी मुलखातल्या प्रशिक्षणांत चहा नेहमी निष्कर्षाच्या वेळीच येतो. चहानंतर पुढचा घटक सुरू होतो.

पुढचा घटक बहुधा सावलीवरून ध्वजस्तंभाची उंची काढण्याचा असतो. समरूप त्रिकोण हे गणित, प्रकाशाचे सरळ रेषेत जाणे हे विज्ञान. उपक्रम निर्दोष आहे. अडचण एवढीच की सुट्टीतले प्रशिक्षण मे महिन्यात असते आणि चहापान, जेवण यांच्या मधली मोकळी वेळ साडेबाराची. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा येथे थेट डोक्यावर येतो. पुण्यात पहिली पाळी मेच्या मध्याला, दुपारी साडेबाराच्या सुमारास. चाळीस शिक्षक टोप्या आणि रुमाल घालून मैदानात उभे राहतात आणि ध्वजस्तंभाला सावलीच नसते. जी असते ती चौथऱ्यावरच संपते. पट्टीची सावली पट्टीखाली. गुणोत्तर मांडायला जावे तर छेदात शून्य. शून्य सावलीचा दिवस हा स्वतःच एक उत्तम धडा आहे : त्या दिवशीच्या सूर्याचा कल आणि गावाचा अक्षांश सारखे असतात आणि केवळ एक काठी रोवून गावाचा अक्षांश सांगता येतो. पण हस्तपुस्तिकेत तो नाही. म्हणून सुलभक सर्वांना सावलीत, म्हणजे व्हरांड्यात, बोलावून म्हणतात, "समजा, स्तंभाची सावली तीन मीटर आहे." सगळे समजतात. उत्तर बरोबर येते.

हे वेगळ्या रीतीने करून पाहिलेले लोक होते. शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला आणि १९८२ पासून एकलव्य या संस्थेने तो पुढे नेला. त्यात शिक्षकांचे उन्हाळी प्रशिक्षण तीन आठवड्यांचे असे. मुलांनी करायचा प्रत्येक प्रयोग आधी शिक्षकांनी आपल्या हाताने करायचा. आकडे जुळले नाहीत तर ते तसेच फळ्यावर मांडायचे आणि का जुळले नाहीत यावर भांडायचे. भांडायला विद्यापीठांतले शास्त्रज्ञही हजर असत आणि त्यांचेही आकडे जुळत नसत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकांत मापन, आलेख, इतकेच काय, संयोग आणि संभाव्यता हे गणितातले मानले जाणारे विषय विज्ञानाचे धडे म्हणून येत, कारण त्यांच्यावाचून प्रयोगाचा अर्थच लागत नसे. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून देता येई. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीच्या आकृत्या बनवणारे अरविंद गुप्ता याच कार्यक्रमात तयार झाले. त्यांनी ते वेड पुढे पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आणले. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला ग्रामीण शिक्षकांसोबत काम केले. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीन आठवड्यांचे प्रशिक्षण हा चैनीचा प्रकार आहे, असे आता सर्वांचे मत आहे. एक दुपार पुरते.

प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षकाला वर्गात जे अडथळे भेटतात त्यांत पहिला पाठ्यपुस्तकाचा. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. त्यात अंतर-काल आणि वेग-काल आलेख आहेत, आणि गतीची समीकरणे आलेखावरून सिद्ध करायची आहेत. हे जूनमध्ये. आलेखाच्या अक्षांची, चरणांची, निर्देशकांची रीतसर ओळख करून देणारी निर्देशक भूमिती गणित भाग दोनच्या सातव्या प्रकरणात आहे. ती दिवाळीनंतर येते. म्हणजे आलेख वाचायला शिकण्याआधी पाच-सहा महिने मुले आलेखावरून समीकरणे सिद्ध करत असतात. करतात कशी? पाठ करून. आम्ल-आम्लारीच्या धड्यात सामूचे शून्य ते चौदा आकडे येतात. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते, ही त्यातली गंमत लॉगरिदममध्ये आहे आणि लॉगरिदम अकरावीत. तोवर मुले रंगपट्टी पाठ करतात, आणि ती बरी करतात. दोन्ही विषयांचे शिक्षक एका स्टाफरूममध्ये समोरासमोर बसत असल्याने धड्यांचा क्रम आपसात बदलून घेणे अवघड नाही. त्यासाठी फक्त घटक नियोजन, मासिक नियोजन, वार्षिक नियोजन आणि घटक चाचणीचे वेळापत्रक बदलावे लागते.

मध्यंतरी काही वर्षे खालच्या वर्गांची पाठ्यपुस्तके चार भागांत निघाली. प्रत्येक भागात सगळ्या विषयांचे त्या-त्या काळातले धडे एकाच बांधणीत. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता आणि तो योग्यच होता. मात्र गणिताचे शेवटचे पान आणि पुढच्या विषयाचे पहिले पान एकमेकांना पाठ लावून बसलेले पाहिले की एकात्मतेचा याहून स्वस्त मार्ग नसावा असे वाटे. बांधणी सुटली की तीही सुटे.

दुसरा अडथळा कपाटाचा. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेपासून शाळांना विज्ञानपेटी आणि गणितपेटी मिळत आल्या आहेत. दोन्हींची नोंद जडसंग्रह नोंदवहीत असते. मोजपात्र फुटले की निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, आणि काचेच्या नळीसाठी समिती बसवण्यापेक्षा नळी कपाटात ठेवणे सोपे. कपाटे दोन, किल्ल्या दोन, आणि दोन्ही एका दिवशी शाळेत हजर असणे हा योग. बदलीवर आलेल्या नव्या शिक्षकाला पदभारात ज्या पेट्या मिळतात त्यांतले वजनमाप बरेचदा मूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, टाचणीसकट असते. याला जपणूक म्हणतात.

अलीकडे प्रशिक्षणाचा मोठा भाग मोबाइलवर आला आहे. २०१७ मध्ये दीक्षा हे व्यासपीठ सुरू झाले. ४२ लाख शिक्षकांचे लक्ष्य ठेवून २०१९ मध्ये आणलेले निष्ठा प्रशिक्षण कोविडच्या काळात त्यावरच गेले. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले. तास मोजले जातात, त्यामुळे ते पूर्णही होतात. मोबाइल ओट्यावर टेकवून चित्रफीत लावली की कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत अध्ययन निष्पत्तीचा एक घटक संपतो. प्रश्नमंजूषेची उत्तरे गटावर आलेली असतात. त्यातले एक उत्तर चुकीचे असते आणि मग संपूर्ण तालुका तो एक प्रश्न चुकवतो. प्रतिसादांच्या अशा एकवाक्यतेचा सांख्यिकीय अभ्यास व्हायला हवा.

प्रमाणपत्राचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणी मिळते, तीही प्रशिक्षण पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर. साहजिकच अकराव्या आणि तेविसाव्या वर्षी ज्ञानाची ओढ फार तीव्र होते. प्रमाणपत्रावर नावाची जागा कोरी असते आणि प्रत्येकाने आपले नाव आपल्या अक्षरात घालायचे असते. प्रशिक्षणातले ज्ञानरचनावादी म्हणावे असे हे एकमेव काम प्रत्येक जण मनापासून करतो.

शेवटच्या दिवशी उत्तरचाचणी होते. प्रश्न पूर्वचाचणीचेच असतात आणि आता चर्चेला मुभा असते, त्यामुळे प्रगती दिसते. अभिप्रायात 'प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त झाले' हे वाक्य येते. भोजनाबद्दलची सूचना स्वतंत्र कागदावर देतात. आभारप्रदर्शनात ज्ञात-अज्ञातांचे आभार मानले जातात. उपस्थितीचा शेवटचा फोटो अक्षांश-रेखांशांसह वर जातो. तो अक्षांश काठी रोवूनही मिळाला असता, पण मोबाइलने काढलेला ग्राह्य धरतात.

यानंतर अहवाल लिहिला जातो आणि आता उतरंड उलटी चढायची असते. खाली येताना जे पाझरून गेले ते वर जाताना भरून निघते. केंद्राचा अहवाल तालुक्याला जोडला जातो, तालुक्याचा जिल्ह्याला, आणि प्रत्येक टप्प्यावर बेरीज अधिक गुळगुळीत होते. गैरहजर असलेले शिक्षक 'दुसऱ्या टप्प्यात समाविष्ट' होतात. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांच्या सरासरीतला फरक सगळ्या तालुक्यांत जवळपास सारखा असतो. निधी संपवायची मुदत ३१ मार्च असल्यामुळे जी प्रशिक्षणे उन्हाळ्याच्या सुट्टीत होत नाहीत ती जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे मुलांच्या परीक्षांच्या तोंडावर, होतात. त्यानंतर उपयोगिता प्रमाणपत्र तयार होते. त्यात मंडप, चहा-नाश्ता, जेवण, लेखनसाहित्य, आलेख कागद आणि दोरा यांचा खर्च मांडलेला असतो, आणि त्याची बेरीज मंजूर रकमेशी तंतोतंत, एका रुपयाचाही फरक न येता जुळते.